६१७४ : एका पूर्ण संख्येची गणिती घडण

प्रास्ताविक

१९०५ ही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडल्यास ९५१० ही संख्या मिळते, तर चढत्या क्रमाने मांडल्यास ०१५९. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा केल्यावर ९३५१ उरतात. या उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा केली असता पुढील मालिका तयार होते :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सातव्या पायरीवर ६१७४ ही संख्या येते आणि मालिका तेथेच थांबते. कारण ६१७४ चे अंक पुन्हा याच रीतीने मांडून वजाबाकी केली तरी उत्तर ६१७४ हेच येते. आरंभी १९०५ ऐवजी दुसरी कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी शेवट हाच होतो. अट एवढीच की, चारही अंक सारखे नसावेत. शिवाय सातपेक्षा अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत. ६१७४ ही संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखली जाते.

उदाहरणासाठी घेतलेले १९०५ हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे जन्मवर्ष होय. डहाणू येथे १७ जानेवारी १९०५ रोजी जन्मलेल्या कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यात व महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. ६१७४ चा हा गुणधर्म त्यांच्या ध्यानात आला तो १९४६ साली. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावरील त्यांचा छोटासा लेख प्रसिद्ध झाला. भारतीय गणितज्ञांपैकी अनेकांना मात्र हे सारे काम क्षुल्लक वाटत असे. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या मार्च १९७५ च्या अंकात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे झाले होते.

अशा कामाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांची बाजू एका मोठ्या गणितज्ञाने आधीच मांडून ठेवली होती. जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे उदाहरण दिले आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आहे, तर ९८०१ ही १०८९ ची नऊपट. आणि आपल्याच उलट संख्येच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. हार्डींच्या मते ही वस्तुस्थिती कोड्यांच्या सदरात शोभणारी असली तरी गणितज्ञाला तिच्यात घेण्यासारखे काही नाही. कारण ती कशाकडेही घेऊन जात नाही. एखादी गोष्ट गंभीर गणित ठरण्यासाठी तिच्यात व्यापकता आणि खोली हवी, ही त्यांची कसोटी. ६१७४ या कसोटीला कितपत उतरते, याचा निर्णय केवळ आश्चर्य व्यक्त करून होणार नाही. त्यासाठी ही क्रिया आतून कशी चालते हे पाहणे आवश्यक आहे.

दोन अटी

त्यापूर्वी नियमाच्या दोन अटी स्पष्ट केल्या पाहिजेत. चारही अंक समान असतील तर पहिल्याच वजाबाकीत शून्य येते; म्हणून अशा दहा संख्या (०००० ते ९९९९) वगळाव्या लागतात. दुसरी अट शून्याविषयी आहे आणि वर्गात चूक होते ती बहुधा येथेच. २१११ या संख्येतून १११२ वजा केल्यास ९९९ उरतात. ही संख्या तीन अंकी मानली तर पुढची वजाबाकी शून्य देते आणि नियम मोडल्यासारखा वाटतो. उत्तर ०९९९ असे चार अंकी लिहिले म्हणजे पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असा सुरळीत प्रवास होतो. अग्रभागीचे शून्य धरून एकंदर ९९९० संख्यांना हा नियम लागू पडतो.

चोपन्न शक्यता

चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असे मानू. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड आणि लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ होईल. त्यांची वजाबाकी अशी :

९९९ (अ − ड) + ९० (ब − क)

येथेच बरेचसे रहस्य उलगडते. उत्तर चार अंकांवर अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. टोकाच्या अंकांचा फरक (अ − ड) यास ‘प’ व मधल्या अंकांचा फरक (ब − क) यास ‘फ’ म्हणू. प ची किंमत १ ते ९ यांपैकी असते आणि मधला फरक टोकाच्या फरकाहून मोठा असू शकत नसल्यामुळे फ ची किंमत ० ते प यांच्या दरम्यान राहते. अशा जोड्या २ + ३ + … + १० म्हणजे ५४ होतात. ९९९० संख्यांचा समुदाय पहिल्याच पायरीवर आकसून ५४ संख्यांवर येतो. वरील राशीतील दोन्ही पदे ९ ने विभाज्य असल्यामुळे या सर्व संख्याही ९ च्या पटीतील असतात.

पुढील पायरीत अंकांचा क्रम बदलणारच असल्याने मूळ क्रमाला महत्त्व उरत नाही. फ शून्य नसेल तेव्हा उत्तराचे चार अंक अनुक्रमे प, फ − १, ९ − फ आणि १० − प असे असतात. यांत पहिल्या व चौथ्या अंकांची बेरीज १० आणि मधल्या दोहोंची ८. बेरीज १० देणाऱ्या अंकजोड्या पाच (९ व १, ८ व २, ७ व ३, ६ व ४, ५ व ५) आणि बेरीज ८ देणाऱ्याही पाच. म्हणून असे अंकसंच २५. फ शून्य असेल तेव्हा मधले दोन्ही अंक ९ येतात व उरलेल्या दोहोंची बेरीजही ९ असते; असे संच ५. म्हणजे तपासण्याजोगे अंकसंच एकूण ३०. प्रत्येक संचापासून कोणता संच निघतो याचा तक्ता एका कागदावर मावतो. त्यात कोठेही फेरा आढळत नाही आणि सर्व वाटा ६१७४ कडे जातात. नियमाची सिद्धता हीच.

संगणकाला ९९९० संख्या तपासण्यास क्षणही लागत नाही. परंतु ती तपासणी ‘असे घडते’ एवढेच सांगते. तीस ओळींचा तक्ता ‘असे का घडते’ याच्या बराच जवळ नेतो आणि तो पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हाताने करता येतो.

तीन दारे

तक्ता उलट्या दिशेने वाचला असता आणखी एक गोष्ट निदर्शनास येते. ६१७४ हे उत्तर येण्यासाठी प = ६ आणि फ = २ असणे आवश्यक आहे. तीस संचांपैकी हे दोनच संचांत घडते : ८, ५, ३, २ आणि ७, ६, ४, १. आता ५४ उत्तरांपैकी हे अंक असलेली उत्तरे कोणती, असे पाहिल्यास ६१७४ व्यतिरिक्त केवळ तीन सापडतात : ८५३२, ८३५२ आणि ४१७६. ज्या संख्येला दोन अथवा अधिक पायऱ्या लागतात, तिला अखेरच्या पायरीपूर्वी या तीनपैकी एका दारातून जावेच लागते.

१९०५ चा प्रवास ४१७६ या दारातून झाल्याचे आरंभी दिसलेच. मद्रासच्या परिषदेचे वर्ष १९४९ घेतल्यास मालिका अशी होते : ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. लेख प्रसिद्ध झाला ते वर्ष १९५५ : ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. कापरेकरांच्या आयुष्यातील या तीन सनांनी तीन वेगवेगळी दारे निवडावीत हा अर्थातच योगायोग होय, त्यात गूढ असे काही नाही.

किती संख्या एकाच पायरीत ६१७४ वर येतात, हेही हाताने मोजता येते. टोकाचा फरक ६ असण्यासाठी लहानतम अंक ०, १, २ किंवा ३ असला पाहिजे. प्रत्येक बाबतीत मधल्या, २ चा फरक असलेल्या जोडीसाठी पाच जागा मिळतात. त्यांपैकी तीन जागी चारही अंक भिन्न असल्यामुळे प्रत्येकी २४ मांडण्या होतात. उरलेल्या दोन जागी एक अंक दोनदा येत असल्याने प्रत्येकी १२. म्हणजे ७२ + २४ = ९६, आणि त्याच्या चौपट ३८४. यात स्वतः ६१७४ देखील आली. सर्वाधिक, म्हणजे २४०० संख्यांना तीन पायऱ्या पुरतात. पूर्ण सात पायऱ्या चढाव्या लागणाऱ्या संख्या २१८४ आहेत.

६, १, ७, ४ हेच अंक का?

यापुढचा प्रश्न अधिक मूलगामी आहे. वाटा एकाच ठिकाणी का मिळतात हे तक्त्याने दाखविले. पण ते ठिकाण ६१७४ च का? स्वतःकडेच परत येणाऱ्या संख्येचे अंक प, फ − १, ९ − फ व १० − प असले पाहिजेत आणि त्यांची उतरती मांडणी केल्यावर टोकाचा फरक पुन्हा प व मधला फरक पुन्हा फ आला पाहिजे. उतरता क्रम ९ − फ, प, १० − प, फ − १ असा मानल्यास दोन समीकरणे मिळतात :

प = १० − २फ
फ = २प − १०

पहिल्यातील प ची किंमत दुसऱ्यात घातल्यावर ५फ = १० हे समीकरण येते. म्हणून फ = २, प = ६ आणि अंक ६, १, ७, ४. अंकांचा अन्य क्रम मानला तर दशमान पद्धतीत उत्तर मिळत नाही. शाळेतील दोन चलांच्या समीकरणांनी ६१७४ ही संख्या अक्षरशः घडविता येते.

या समीकरणांतील १० हा आकडा संख्यालेखनाच्या पायाचा आहे. त्याच्या जागी दुसरा पाया ठेवला तर ‘पाया = ५फ’ असे नाते मिळते. म्हणजेच पाया ५ च्या पटीत असेल तेव्हा अशी संख्या अवश्य सापडते. पाया ५म असल्यास तिचे अंक ३म, म − १, ४म − १ आणि २म असे असतात; म = २ घेतले की ६, १, ७, ४. म = १ घेतले म्हणजे पाया ५ मध्ये ३०३२ ही संख्या मिळते (दशमान पद्धतीत तिची किंमत ३९२), आणि तेथेही सर्व वाटा तिच्याकडेच जातात. ६१७४ ही एकाकी चमत्कृती नसून एका कुळातील संख्या आहे, असे येथे म्हणता येते.

मात्र अशी स्थिर संख्या असणे आणि सर्व संख्या तिच्यापर्यंत पोहोचणे या भिन्न गोष्टी होत. पाया १५ मध्ये म = ३ असून ९, २, ११, ६ या अंकांची संख्या स्थिर आहे; परंतु त्याच पायात १०००, म्हणजे एकावर तीन शून्ये, यापासून सुरुवात केली तर प आणि फ यांच्या जोड्या (१, ०), (१४, ०), (१३, १), (१३, ११), (११, ७), (७, १) असा प्रवास करून पुन्हा (१३, १) वर येतात आणि त्याच चार जोड्यांच्या फेऱ्यात कायमच्या अडकतात. कोणत्या पायांमध्ये फेरे नसतात आणि सर्व संख्या एकाच ठिकाणी येतात, हा प्रश्न समीकरणे सोडविण्याइतका सोपा नाही. तो हेल्मुट हॅसे (१८९८–१९७९) आणि जी. डी. प्रिचेट यांनी १९७८ मध्ये हाती घेऊन चार अंकी कापरेकर स्थिरांक नेमके कोणत्या पायांत असतात याचा निर्णय केला. ज्यांच्या नावाचे तत्त्व संख्याशास्त्राच्या प्रत्येक प्रगत अभ्यासक्रमात शिकविले जाते ते हॅसे हेच. त्यांचा लेख क्रेले यांनी १८२६ मध्ये सुरू केलेल्या जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. देवळालीच्या शाळामास्तरांची अंकांची करमणूक अशा रीतीने गणितातील अत्यंत प्रतिष्ठित पानांवर पोहोचली. हार्डींच्या कसोटीपैकी व्यापकतेचा भाग ६१७४ ने येथे निःसंशय पार केला आहे.

अंकांची संख्या बदलल्यास

दोन अंकी संख्यांत स्थिर संख्या नाही. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ हा फेरा चालू राहतो. तीन अंकी संख्यांत वजाबाकी ९९ (अ − क) एवढीच असल्याने नऊच उत्तरे संभवतात आणि सर्व वाटा अधिकाधिक सहा पायऱ्यांत ४९५ वर येतात. पाच अंकांत पुन्हा स्थिर संख्या नाही, तीन निरनिराळे फेरे आहेत. त्यांतील सर्वांत लहान म्हणजे ५३९५५ आणि ५९९९४ या एकमेकींना जन्म देणाऱ्या दोन संख्यांचा. सहा अंकांत ५४९९४५ व ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या असून शिवाय एक फेरा आहे. दशमान पद्धतीत सर्व संख्यांना एकाच ठिकाणी आणणारे स्थिरांक ४९५ आणि ६१७४ हे दोनच, हे प्रिचेट, ल्युडिंग्टन व लॅपेंटा यांनी १९८१ मध्ये ‘फिबोनाची क्वार्टर्ली’ मध्ये सिद्ध केले. तीन आणि चार अंकांनाच हे भाग्य का लाभावे, याचे दोन ओळींत सांगता येईल असे कारण नाही.

लेखनपद्धती बाजूला ठेवल्यावर

आतापर्यंतचे सर्व गुणधर्म ही संख्या दहाच्या पायावर लिहिली जाते म्हणून आहेत. पाया बदलताच ६१७४ या राशीचे अंक बदलतात आणि तिचे हे वैशिष्ट्यही नाहीसे होते. टीकाकारांचा खरा आक्षेप बहुधा हाच असावा की, ही मौज राशीची नसून तिच्या लेखनाची आहे. तो अर्धा खरा आहे. म्हणून राशी म्हणून ६१७४ कशी आहे, हेही पाहणे उचित ठरेल.

तिचे मूळ अवयव २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ असे आहेत. सातपेक्षा मोठा मूळ अवयव तिला नाही. २ × ३ × ३ म्हणजे १८ आणि सातचा घन ३४३; म्हणून ६१७४ = १८ × ३४३. परंतु ३४३ ही संख्या १ + १८ + ३२४ अशीही लिहिता येते आणि ३२४ हा १८ चा वर्ग आहे. परिणामी ६१७४ ही १८, १८ चा वर्ग आणि १८ चा घन यांची बेरीज ठरते : १८ + ३२४ + ५८३२.

हे वाटते तितके सहज मिळणारे नाते नाही. एखादी धन पूर्ण संख्या, तिचा वर्ग आणि १ यांची बेरीज पूर्ण घन केव्हा होते, असा प्रश्न केला तर उत्तर एकच आहे. ती संख्या १८ आणि तो घन ७ चा. याशिवाय दुसरे उत्तर नाही हे नॉर्वेचे गणितज्ञ विल्हेल्म ल्युंग्ग्रेन यांनी सिद्ध केले असून त्यासाठी बैजिक संख्याशास्त्राची जड साधने लागतात. हा गुणधर्म कोणत्याही लेखनपद्धतीवर अवलंबून नाही. हार्डींना अपेक्षित असलेली खोली ६१७४ च्या पोटात आहे ती येथे. कापरेकर क्रियेशी तिचा काही संबंध असल्याचे मात्र दिसत नाही.

हे १८ कापरेकरांच्या वाटेनेही भेटते. ६ + १ + ७ + ४ यांची बेरीज १८ आहे. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ असे नाव दिले. त्या अर्थाने ६१७४ ही हर्षद संख्या होय. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून नवी संख्या निर्माण करण्याचाही त्यांना छंद होता. अशा रीतीने जी कोणत्याच संख्येपासून जन्मत नाही तिला त्यांनी आपल्या गावावरून ‘देवळाली संख्या’ म्हटले. ६१७४ हिला तो मान नाही. ६१५६ च्या अंकांची बेरीजही १८ च आहे. ती त्या संख्येत मिळविली की ६१७४ तयार होते.